आबांच्या मांडीवरचा कीबोर्ड

कोऱ्हाळे बुद्रुकच्या सप्ताहात जोतीराम आबांनी कित्येक वर्षांत एक कीर्तन चुकवलं नाही, आणि मांडवात बसून एकही पुरतं ऐकलं नाही. त्यांची जागा देवळामागच्या शाळेच्या खोलीत. खिडकी उघडी, खिडकीतून दिसायची ती देवळाची मागची भिंत, आणि पुढ्यात टाइपरायटर. मांडवात महाराज बोलायचे आणि इकडं आबांची बोटं चालायची.

हे सगळं कशासाठी, तर रंगूबाईंसाठी. रंगूबाई शेजारच्या. ऐन तरुणपणात त्यांना मोठा ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. वाचायला मात्र पक्क्या, आणि कीर्तनाची ओढ अशी, की काही ऐकू येत नसतानाही रोज पहिल्या रांगेत जाऊन महाराजांच्या तोंडाकडं बघत बसायच्या. आबा तेव्हा इंदापूरला कचेरीत टायपिस्ट होते. एका सप्ताहात त्यांनी सहज म्हणून एक कीर्तन टाइप करून बाईंच्या हातात ठेवलं. बाईंनी ते देवळाच्या पायरीवर बसून वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि कागद कपाळाला लावला. झालं. त्यानंतर दर सप्ताहाला आबा इंदापूरहून मशीन मांडीवर घेऊन एसटीनं येऊ लागले. बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलली की नवा कंडक्टर विचारायचा, ह्याचं तिकीट अर्धं फाडू का पुरं?

पहिल्या वर्षी आबा मांडवातच कोपऱ्यात बसले होते. पण त्या टकटकीनं पखवाजवाल्याचा ठेका हुकला आणि महाराजांनी हात जोडून विचारलं, की हा दुसरा पखवाज कुणाचा. मांडव हसला. आबाही हसले, आणि मशीन उचलून शाळेत गेले. ते गेले ते गेलेच.

संस्कृती हे आबांचं शेंडेफळ. लहानपणी सप्ताहाच्या दिवसांत ती त्याच खोलीत, आबांच्या पायाशी पोत्यावर बसलेली असायची. तिला कीर्तन कळायचं ते आबांच्या बोटांवरून. अभंगाचं चरण लागलं की मशीन दौडायचं. निरूपण सुरू झालं की बैलगाडीच्या चालीनं चालायचं. गजर आला की थांबायचं, कारण विठ्ठल विठ्ठल काय टाइप करायचं, ते सगळ्यांना पाठच असतं. मग आबा दोन्ही हात मांडीवर ठेवून डोळे मिटायचे आणि भिंतीपलीकडच्या टाळांबरोबर मान हलवायचे. ओळ संपल्यावर वाजणारी ती बारीक घंटी आणि कागदाचा गाडा परत ढकलणारा आबांचा डावा हात, एवढं आठवलं तरी संस्कृतीला अजून बुक्क्याचा वास येतो.

आता ती पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरचे कीबोर्ड घडवते. पातळ आणि अजून पातळ, एवढं एकच तिथलं भजन. मागच्या वर्षी ज्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तो कीबोर्ड यंदा जाड ठरतो. साहेब टेबलावर मारी बिस्किट ठेवून म्हणतात, एवढा करा. पण कीबोर्ड पातळ करायचा म्हणजे काय, तर बटणाला खाली जायला जागाच ठेवायची नाही. बोट टेकलं न टेकलं की तळ लागतो. त्या नसलेल्या जागेत बोटाला दाबल्याचं समाधान कुठून द्यायचं, हे संस्कृतीचं काम.

गेल्या वर्षीच्या सप्ताहात आबांचं मशीन बंद पडलं. ते कायम सिकंदरभाईंच्या हाताखालून गेलेलं. इंदापुरात त्यांचं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं, आता तिथं झेरॉक्स निघतात. सिकंदरभाईंनी मशीन खोललं, बराच वेळ बघितलं आणि परत बंद केलं. ह्याचा सामान आता भंगारातसुद्धा मिळत नाही, म्हणाले. आबांनी मशीन कापडात बांधून माळ्यावर ठेवलं आणि त्याविषयी एक शब्द काढला नाही.

बोलल्या त्या कुशाबाई, संस्कृतीच्या आई. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मशीन गेल्याचं त्यांला दुक न्हाय गं. आता मांडवात बसता यील, ह्याचा आनंद झालाय, आणि त्या आनंदाची लाज वाटती. रंगूबाईचं काय हुईल म्हून."

"मग बसू दे की मांडवात."

"कागुद कोण करील? त्यांला एकदा कीर्तनकाराचं तोंड बघायचंय, संस्कू. एवढी वर्सं नुसता आवाज."

संस्कृती त्या रात्री झोपली ती मनाशी ठरवूनच. टकटक न करणारा, मांडीवर मावणारा, मांडवात पुढं बसून चालवता येईल असा पातळ कीबोर्ड आबांना द्यायचा. रंगूबाईंना त्यांचं कीर्तन मिळेल, आणि आबांना त्यांचं.

तिला वाटलं होतं, हे सोपं आहे. कंपनीतला एक नमुना तिनं दिवाळीला आणला. मराठी टाइपरायटरची अक्षरं जिथल्या तिथं बसवून दिली, म्हणजे आबांच्या बोटांना नवं काही शिकायला नको. आबांनी हात धुतले, कीबोर्डला नमस्कार केला आणि सुरू झाले. पण त्यांची बोटं लोखंडाला सवकलेली. ती वरून घाव घातल्यासारखी पडायची. घटकाभरानं आबांनी हात मागं घेतला आणि बोटांची टोकं चोळत म्हणाले की, ब्येस हाय, फक्त फरशीवर बोटं आपटल्यागत हुतंय. वर त्यांचा डावा हात. ओळ संपली असं वाटलं की तो आपसूक उचलायचा आणि नसलेला गाडा ढकलायचा. पहिल्याच ओळीला कुशाबाईंनी आणलेला चहा भिंतीवर गेला.

दुसरा नमुना तिनं खाली मऊ रबर घालून केला. तर बोटांना लागेना, पण अक्षर उमटलं की नाही तेही कळेना, आणि आबा प्रत्येक अक्षर दोनदा दाबू लागले. विठ्ठलाच्या नावातलं एकेक अक्षर दोन दोनदा पडायला लागलं. आबा म्हणाले, "त्येला काय, त्येचं नाव जास्तच झालेलं बरं." पण संस्कृतीला हसू आलं नाही. तिच्या लक्षात आलं, की पुण्याच्या प्रयोगशाळेत बटण लाखो वेळा दाबून बघणारं यंत्र आहे, पण त्या यंत्राला दाबायची सवय कुणी लावलेली नाही. आबांना आहे. त्यांना बटणाचा तळ नको होता. टाइपरायटरची पट्टी कागदाला भिडायच्या आधी बोटाला जो बारीक झटका मिळतो, तो हवा होता.

मग तिनं जाडी तेवढीच ठेवली आणि बटणाच्या खालची कात्री, म्हणजे बटण उचलून धरणारी फुलीसारखी पट्टी, बदलली. बोट टेकताच एक छोटासा नकार, मग होकार, आणि होकारानंतर मऊ गादी. वरून प्रत्येक बटणाला बोटाच्या पोटाएवढी खोलगट वाटी. साहेबांनी तो नमुना दाबून बघितला, पुन्हा पुन्हा दाबला आणि विचारलं, हे कुठून सुचलं. आमच्या गावाकडून, एवढंच संस्कृतीनं सांगितलं. हा तिसरा नमुना तिच्या हाती आला तोवर सप्ताह निम्मा सरला होता. ती सप्ताह संपायच्या आदल्या दिवशी गावी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं, काल्याचं कीर्तन.

कीर्तन लोणी भापकरच्या राजलक्ष्मीताईंचं. आबांनी त्यांना खिडकीतून कितीदा तरी ऐकलेलं. आवाजावरून बाई चांगली उंचपुरी, दांडगी असणार असा त्यांचा हिशेब. आबा पहिल्या रांगेत मांडी घालून बसले, धोतर नीट केलं, मांडीवर कीबोर्ड. शेजारी रंगूबाई, त्यांच्या हातात संस्कृतीनं दिलेला टॅब. आबा हितं टाइप करतील ते तितं लगेच उमटणार, हे बाईंना बोटानं दाखवून समजावलं होतं. आबांच्या डाव्या अंगाला कुणी बसावं हा प्रश्न होता. इंदापूरहून मुद्दाम आलेले सिकंदरभाई म्हणाले, "मी बसतो. ह्यांचा हात मलाच लागू दे, मशीन मीच सांभाळलंय की त्यांचं."

राजलक्ष्मीताई उभ्या राहिल्या, आणि निघाल्या बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, गालाला खळी पडणाऱ्या. आबांनी एकदा वर बघितलं आणि घाईनं मान खाली घातली. चरण लागलं. आबांची बोटं दौडू लागली, आणि आवाज असा काहीच नाही. टाळ, पखवाज, वीणा, आणि त्यात ती मुकाट चालणारी बोटं. रंगूबाईंच्या हातात ओळीमागून ओळ उजळत होती. त्या एकदा पडद्याकडं बघायच्या, एकदा ताईंच्या ओठांकडं, आणि दोन्हीचा मेळ बसला की मान डोलवायच्या. मागं बसलेल्या संस्कृतीचा जीव भांड्यात पडला. अधूनमधून सिकंदरभाईंच्या गुडघ्यावर थाप बसत होती तेवढीच.

ताई गोकुळात शिरल्या. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची आंबिल, कुणाची शिळी भाकरी, आणि एक पोर आपली शिदोरी पाठीमागं लपवून बसलेलं, लाजेनं. देव सगळ्यांना सोडून त्याच्याकडंच गेला, असं म्हणत ताई खाली वाकल्या. डोळे मोठे करून, हात पुढं करून, त्या लपवणाऱ्या पोराची समजूत काढू लागल्या. समोर आबाच होते. आबांनी मान वर केली, आणि ती वरच राहिली.

बोटं बटणांवर तशीच टेकलेली. हलत नव्हती.

संस्कृतीला आधी वाटलं कीबोर्ड बंद पडला. ती गुडघ्यांवर पुढं सरकली, तेवढ्यात रंगूबाईंनी टॅब हलवून बघितला, आबांकडं वळल्या, आणि आपला आवाज किती मोठा निघतो हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "आरं जोतीराम, पोरानं शिदोरी दिली का न्हाय?"

सगळा मांडव हसला. राजलक्ष्मीताई वाकलेल्याच थांबल्या. त्यांना सगळं उमगलं असावं, कारण त्यांनी पखवाजवाल्याला हात केला आणि नुसता ठेका चालू राहिला.

आबा दचकले नाहीत. कीबोर्डकडं बघितलंसुद्धा नाही. संस्कृतीला जवळ आलेली पाहून ते पुटपुटले, "बोलताना किती ग्वाड दिसती गं."

संस्कृतीनं त्यांची बोटं अलगद उचलली, कीबोर्ड स्वतःच्या मांडीवर घेतला आणि रंगूबाईंच्या पायाशी बसली. पोत्यावर बसून ती आबांच्या बोटांखालची जी अक्षरं बघत आली होती, ती तिच्या हातांना येतील का हे तिला माहीत नव्हतं. आली, अडखळत आली. पोरानं शिदोरी दिली. ताई पुन्हा बोलू लागल्या, आणि संस्कृती मान खाली घालून त्यांच्या शब्दांच्या मागं मागं धावू लागली. आजचं कीर्तन तिला दिसणार नव्हतं. शेजारी आबा मोकळ्या हातांनी टाळ्या वाजवत होते, ठेक्याच्या जरा मागं, पण जोरात.

दहीहंडी फुटली. लोक उठले, काल्यासाठी हात पुढं झाले. संस्कृतीच्या कानात अजून ताईंची शेवटची वाक्यं होती आणि रंगूबाई टॅबवरून नजर काढत नव्हत्या, म्हणून ती टाइप करतच राहिली. आबा ओंजळीत काला घेऊन आले. तिचे दोन्ही हात गुंतलेले बघून ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, "आ कर."

तिनं आ केला. दही, पोहे, लाह्या, डाळिंबाचे दाणे. एक लाही तिच्या ओठावरून सुटली आणि दोन बटणांच्या मधल्या फटीत जाऊन बसली. आबांनी ती नखानं उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

"लिव तू," ते म्हणाले. "रंगूबाई थांबल्यात."