मोजणी

नोव्हेंबर १९५६. खाणीवरच्या आमच्या कम्युनिस्ट शाखेपुढे ठराव होता: रशियाने बुडापेस्टमध्ये रणगाडे घातले ते योग्यच केलं. वीस वर्षं नगरपालिकेत झिजल्यावर आइली निवाचं नाव नुकतंच स्टॉकहोमच्या संसदेसाठी पक्षाच्या उमेदवारांच्या यादीत पहिलं लागलं होतं.

अध्यक्ष हेल्मर तिच्याकडे वाकला. "आज फक्त गप्प बस, बाई. स्टॉकहोमचं तिकीट तुझंच आहे."

"परतीचंही काढलंयस ना?"

"चेष्टा पुरे."

आमच्याकडे ठराव आवाजी मतानं होतो. मान्य असलेले ओरडतात, नसलेल्यांना गप्प राहता येतं. पण एकानेही मागितलं तर हात मोजावे लागतात, आणि कोण कुठे ते सगळ्यांना दिसतं.

"मान्य!" भिंती दणाणल्या. हेल्मरने हातोडी उचलली.

"मोजणी घ्या," आइली म्हणाली.

"कशाला सगळ्यांना उघडं पाडतेस, कॉम्रेड?"

"मोजणी."

विरोधात आधी तिचा एकटीचा हात वर गेला. मग पुढच्या रांगेतले तीन. शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझं मनगट दाबून धरलं होतं. मी दुसरा हात वर केला.

"पाच," हेल्मर म्हणाला. त्याने यादी पुढे ओढून आइलीच्या नावावर रेघ मारली.

"पुढचं नाव सुचवा."

कोणीच बोललं नाही.

"सुचवा की!"