तीन नंबर खाणीवरचं घर

घर घ्यायचं ठरलं तेव्हा बापूरावला कोणी काही विचारलं नाही. विचारायचं तरी कशाला? खाणीतून रिटायर होऊन अकरा वर्षं झालेला, रात्रंदिवस खोकणारा म्हातारा. बल्लारपुरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्यातल्या पडद्याआड बसून तो मुलाचं आणि सुनेचं बोलणं कान टवकारून ऐकायचा.

दोन ठिकाणं त्यांच्या मनात भरली होती. एक चंद्रपुरातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. लिफ्ट, चोवीस तास पाणी, एक बेडरूम नवरा-बायकोची, दुसरी त्यांच्या मुलीच्या, साक्षीच्या अभ्यासाची. दुसरं म्हणजे बंद पडलेल्या तीन नंबर खाणीच्या वस्तीतलं बैठं घर. अंगण, बोअर, तीन खोल्या आणि समोरच्या बाजूला वेगळ्या दाराची एक लहान खोली. एवढं सगळं फ्लॅटपेक्षा स्वस्तात.

"फ्लॅटमंधी बाबा कुठी झोपतीन?" मिथुननं विचारलं.

"हॉलमंधी दिवाण टाकू ना," दिव्यानी म्हणाली. "अन् पाव्हणे आले का शकुताईकडे जातीन मूलले. लेकच आहे त्यायची."

मूल, म्हणजे लेकीचं सासरगाव! गेल्या दिवाळीत तिथे तो ताटावर बसला असताना जावई सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पेन्शन तिकडं अन् भात इकडं, बरं जमवलं मामाजीनं." शकू चुलीकडे तोंड करून उभी राहिली. त्या घरी पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. आणि हॉलमधला दिवाण म्हणजे मूलच्या वाटेवरचा थांबा, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता.

रविवारी सगळे बैठं घर बघायला गेले. मिथुन अंगणातच खूश झाला. दिव्यानी मात्र पायरीवर थांबली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी बाई ती, तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही.

"मामाजी, एवढं स्वस्त काऊन देऊन राह्यले हे लोक? तुमी खाणीतले. खरं सांगा, खाली काही आहे का?"

विचारलं तेही योग्य माणसाला. बापूराव खाणीत ड्रेसर होता. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार घेऊन सगळ्यांच्या आधी आत जायचं, कोळशाचं छत ठोकायचं, आणि आवाजावरून ओळखायचं की हे टिकेल का पडेल. त्यानं 'चला' म्हटल्याशिवाय मजूर पाऊल टाकत नसत. बत्तीस वर्षांत त्याच्या शब्दावर आत गेलेला एकही माणूस दगावला नव्हता. पंचक्रोशीत त्याला मान होता तो त्यासाठीच.

आणि त्याला सगळं ठाऊक होतं. घरामागे पन्नास पावलांवर बाभळीत सिमेंटचं गोल झाकण दिसत होतं. खाणीत हवा सोडायला खणलेल्या जुन्या विहिरीचं ते तोंड. तिथून पूर्वेकडे कोळशाची मोठी पोकळी, बरोबर या घराखाली. छत पेलायला सोडलेले कोळशाचे खांबसुद्धा शेवटी बापूरावच्याच टोळीनं काढून नेले होते. रिकाम्या जागी वाळू भरायची होती, ती अर्धीच भरली आणि खाण बंद झाली.

बापूरावनं समोरच्या त्या लहान खोलीकडे पाहिलं. वेगळं दार, आतून लावायची कडी.

"काही नाही बाई," तो म्हणाला. "खाण तं नाल्याच्या पल्याड होती. इथी खाली अख्खा दगड आहे. घ्या डोळे मिटून."

आता या माणसाला काय म्हणावं? परक्या मजुरासाठी रोज जीव धोक्यात घालणारा हा माणूस, आणि पोटच्या पोरापुढे खोटं बोलताना त्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही! मनाशी त्यानं हिशेब मांडून ठेवला होता. घर वीस वर्षं उभं आहे. आपण जगून जगून जगणार अजून पाच-सात वर्षं. तेवढं टिकलं की झालं, माझ्यापुरतं बास. साक्षी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचा हिशेब त्यानं केलाच नाही.

दिव्यानीनं सोनं मोडलं, मिथुननं पीएफ काढला, पतसंस्थेचं कर्ज झालं. फ्लॅटवाल्याला नाही म्हणून कळवलं.

गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, खिरीच्या पंगती बसल्या. बापूराव नव्या शर्टात फाटकाशी उभा राहून प्रत्येकाला आपली खोली दाखवत होता. इतका आनंद त्याला बायको गेल्यापासून झाला नव्हता. तेवढ्यात वारलू आला. खाणीतला जुना जोडीदार. सुरुंगांनी कान गेलेले, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून.

"जयभीम गा बापू! अरे, हे तं आपल्या तीन नंबरच्या वरच आहे! याच्याच खाली तं खांब काढले आपण. तूच नाही का छत ठोकलं? काय दिवस होते बाप्पा!"

दिव्यानी वाढत होती. तिनं वारलूला अजून एक पळी खीर वाढली, शेवटच्या पाव्हण्यापर्यंत हसून निरोप दिला, भांडी आवरली. मग सासऱ्याच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुमाले माहीत होतं?"

"वाळू भरली होती बाई..."

"माहीत होतं का नव्हतं?"

बापूराव नव्या शर्टाची बटणं काढू लागला. मिथुन तिच्या मागे उभा होता. त्यानं बापाकडे एकदा बघितलं आणि अंगणात निघून गेला. त्या दिवसापासून दिव्यानीनं त्याला मामाजी म्हणणं सोडलं. कोणतीच हाक मारली नाही. ताट खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि जायची.

घर विकायला काढलं, पण घेणार कोण? वारलूचा आवाज वस्तीभर गेला होता. दुसऱ्या वर्षी भर श्रावणात अंगणात भेग पडली. आठवड्यात ती भिंतीला चढली आणि थेट साक्षीच्या पलंगामागे निघाली. सरकारी माणसं आली, भिंतीवर लाल खूण करून 'घर सोडा' म्हणून गेली. भरपाईचं विचारलं तर म्हणाले, पंचनामा होईल. कधी, ते कोणी सांगेना. शेजारी मात्र छातीठोक सांगत होते, "पंचनाम्याच्या दिवशी घर रिकामं दिसलं का भरपाईच्या यादीतून नाव कटते. कोनीतरी राह्यलंच पाहिजे."

कोण राहणार, याची घरात चर्चासुद्धा झाली नाही. चंद्रपुरात भाड्याची जागा मिळाली. टेम्पोत सामान चढलं. साक्षीचं टेबल, गॅस, कपाट. बापूरावनंही आपली पिशवी भरली आणि तो टेम्पोपाशी येऊन उभा राहिला. दिव्यानीनं त्याच्या हातातली पिशवी घेतली, सरळ त्याच्या खोलीत जाऊन खाटेवर ठेवली.

"मिथुन," बापूराव म्हणाला, "अरे, मले इथी..."

"यादी लागेपर्यंत, बाबा," मिथुन टेम्पोच्या दोरीची गाठ आवळत म्हणाला. वर बघितलं नाही त्यानं.

आता मिथुन दर रविवारी मोटरसायकलवर येतो. फाटकाबाहेरच थांबतो आणि वरून हात लांबवून डबा देतो. भेग किती झाली ते विचारतो. गेल्या रविवारी बापूरावनं सांगितलं, "चार बोटं." सांगून तो मुलाच्या तोंडाकडे बघत राहिला. भीती दिसेल असं त्याला वाटलं होतं. मिथुननं मोबाइल पुढे केला. "जवळून फोटो काढून द्या बाबा. बोटं भेगीत घाला, म्हणजे नीट समजते."

बापूरावनं फोटो काढून दिला. मग फाटकाची कडी काढत म्हणाला, "ये ना आत. पाचच मिनिटं. चहा टाकतो."

"नाही बाबा." मिथुननं गाडीला किक मारली. "साक्षीनं शपथ घातली आहे. लय रडली ते. म्हणे पप्पा, तुमी फाटकाच्या आत पाय नका ठेवू."

"अन् माझं? माझं काही म्हणाली का?"

मिथुननं आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं त्यानं.

"नाही," तो म्हणाला, आणि गाडी वळवली.