दोन तासांची कूस

महामाया सिस्टरनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं, की पाठीचा कणा मोडलेला माणूस कण्यामुळं मरत नाही, कातडी सडून मरतो. गुणाबाई ते ऐकून रडली नाही. तिनं देवघरावरचं घड्याळ काढलं, नवऱ्याच्या खाटेसमोर खिळा ठोकून अडकवलं आणि त्या दिवसापासून दर दोन तासांनी सटवाजीची कूस बदलायला लागली. डावी, पाठ, उजवी, पुन्हा डावी. पाठ, खुबे, टाचा रोज कंदिलासारखा मोबाइल धरून बघायची. कुठं लाल दिसलं तर तिचा जीव वरखाली व्हायचा.

हवेची गादी सिस्टरनंच नांदेडच्या दुकानातून मिळवून दिली होती. आडव्या रबरी नळ्यांची, पायथ्याला पंप टांगलेली. एकाआड एक नळ्या फुगायच्या, थोड्या वेळानं त्या बसायच्या आणि मधल्या फुगायच्या. त्यामुळं अंगाची एकच जागा दबून राहत नसे. पंपाची घूं घूं इतकी सवयीची झाली होती, की लाइट गेली आणि तो बंद पडला की गुणाबाई झोपेतून दचकून उठायची.

सटवाजीला बेंबीखालचं काही म्हणता काही कळत नव्हतं. पाय काटक्या झाले होते. पण छताच्या लोखंडी पाइपाला दोर बांधून सिस्टरनं त्याला दिवसातून दहादा अंग वर ओढायला लावलं होतं, आणि नऊ महिन्यांत त्याचे दंड नांगर धरायच्या दिवसांतसुद्धा नव्हते इतके टणक झाले होते.

हे सगळं झालं होतं वाळूपायी. उमरी तालुक्यातलं त्यांचं गाव गोदावरीच्या काठावर. मुदखेडचा विनोद नदीतली वाळू चोरून काढायचा आणि त्याचे हायवा ट्रक सटवाजीच्या हळदीतून जायचे. एका दुपारी सटवाजी ट्रकापुढं उभा राहिला. स्टेअरिंगवर कोण, तर त्याचा सख्खा पुतण्या हरिओम. विनोद खाली उतरला, सीटमागून चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि सटवाजीनं पाठ फिरवल्यावर कमरेच्या वर तीन तडाखे हाणले. तिसऱ्या तडाख्याला सटवाजी हळदीत पडला तो पुन्हा उठलाच नाही. विनोद जामिनावर सुटून आला. हरिओमनं पोलिसांना सांगितलं, काका ट्रॅक्टरवरून पडला. उरली एकट्या सटवाजीची साक्ष, आणि ती सोमवारी होती.

शनिवारी सकाळी अकराला गुणाबाई कोमट पाण्यानं त्याचं अंग पुसत होती. दारात सावली पडली म्हणून तिनं मान वर केली. विनोद होता. मागं हरिओम.

"काय सटवाजीमामा, तब्येत काय म्हणते?" विनोद आत येऊन स्टुलावर बसला. "हरिओम, दार लाव."

हरिओमनं कडी घातली. काकूच्या डोळ्याला डोळा दिला नाही त्यानं.

"सोमवारी कोर्टात जायलेत म्हणं," विनोद म्हणाला. "कशाला तरास घेता? इथंच सांगा. हरिओम मोबाइलात घेतो. ट्रॅक्टरवरून पडलो म्हणा, बास."

"टॉमी तुपल्या हातात होती," सटवाजी म्हणाला. "तेच सांगणार हाय."

विनोदनं खिशातून सुरा काढला. वीतभर पात्याचा, मटण कापायचा. गुणाबाई पुढं झाली तसं हरिओमनं तिचे दोन्ही हात मागून आवळले.

"सोड रे! तुला या मांडीवर खेळवलाय मी!"

"काकू, गप रहा. ते काही करनार न्हाईत. नुसतं भेव दाखवायलेत."

विनोद वाकला आणि सटवाजीच्या पायाखालची एक नळी त्यानं सुऱ्यानं चिरली. फुस्स करून हवा गेली. एकाआड एक नळ्या एकाच पाइपावर होत्या, त्यामुळं अर्धी गादी खाली बसली. पंप जोरानं घुमायला लागला. विनोदनं शेजारची दुसरी चिरली आणि सटवाजी खाटेच्या लोखंडी पट्ट्यांवर आदळला.

"आता लोखंडावर निजा," विनोद म्हणाला. "नवी आणली की मी पुन्हा येतो, ती बी कापतो. म्हणे, चार दिवसांत माणूस सडून जातो. बोलता का?"

सटवाजी छताकडं बघत राहिला.

उरलीसुरली गादीही फाडायला विनोद त्याच्या छातीजवळ ओणवा झाला. तेवढीच जागा सटवाजीला हवी होती. डावा हात वर आला आणि विनोदच्या मानेभोवती पडला. उजव्या हातानं त्यानं स्वतःचंच मनगट धरून कवळ घट्ट केली. विनोदचं तोंड सटवाजीच्या बरगड्यांवर दाबलं गेलं. एक घोगरा आवाज आला, तोही मधेच तुटला.

विनोदचा सुऱ्याचा हात मोकळा होता. तो फक्त खालीच पोचत होता. त्यानं सुरा सटवाजीच्या मांडीत खुपसला. उपसला, पुन्हा खुपसला. धोतरावर रक्त पसरलं. कुणाचीही पकड सुटली असती. सटवाजीचा चेहरा हलला नाही. त्याला ठाऊकच नव्हतं. विनोद मांडीवर घाव घालत होता आणि घाव जणू दुसऱ्याच माणसाला लागत होते.

"काका! सोडा, मरंल तो!" हरिओमनं गुणाबाईला ढकललं आणि काकाचे हात उकलायला धावला.

गुणाबाई पाट्यावर पडली. हाताला वरवंटा लागला. तो उचलून ती उठली आणि हरिओमच्या मनगटावर तिनं सगळ्या जिवानिशी घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. हरिओम किंचाळत भिंतीला टेकला. तिनं दुसऱ्यांदा वरवंटा उगारला, तसा तो एका हातानं कडी काढून पळाला. रस्त्याला लागून ओरडत सुटला, ते ऐकून शेजारपाजार जमायला लागला.

ती वळली. विनोदच्या हातातून सुरा गळून पडला होता. त्याच्या टाचा जमिनीवर खरडत होत्या, मग त्याही थांबल्या. मान निळी पडली होती.

"अव, सोडा," गुणाबाई म्हणाली.

सटवाजी सोडत नव्हता. दात आवळलेले, कपाळावर शीर टरारलेली.

गुणाबाई उभी राहिली. किती वेळ, तिला पुढं कधी सांगता आलं नाही. ती त्या निळ्या मानेकडं बघत होती आणि तिला बरं वाटत होतं. मग एकदम काहीतरी डोक्यात आलं, तशी ती खाटेवर चढली आणि नवऱ्याची बोटं उपसायला लागली. एकही हलेना. बेंबीखाली त्याला काही कळत नव्हतं, पण हाताचं कळत होतं. तिनं खाली वाकून त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. तोंडात रक्त आलं तरी दात काढले नाहीत. सटवाजी ओरडला आणि कवळ सुटली.

विनोद धप्पकन खाली पडला. क्षणभरानं त्याच्या छातीतून कुत्र्यासारखा खोकला आला.

तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लुगड्याचा काठ फाडून नवऱ्याच्या दोन्ही मांड्या वरून करकचून बांधल्या आणि दाराशी जमलेल्या माणसांवर ओरडली, "बघत काय उभे राहिलात? गाडी आणा!"

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरनं जखमा मोजल्या. चौदा. मोठी शीर बोटभरानं चुकली होती. टाके घालताना भुलीचं इंजेक्शन लागलंच नाही. सटवाजी जागा होता आणि सुई जाताना बघत होता.

तोवर धीरानं उभी असलेली गुणाबाई तिथं फुटली. "नऊ महिने मी या अंगाला एक चट्टा पडू दिला न्हाई! रात रात जागले! अन् तुमी त्या मुडद्याला गळ्यात घेऊन चौदा भोकं पाडून घेतली!" तिनं नवऱ्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. नर्सनं तिला धरून बाहेर नेलं.

संध्याकाळी ती परत आत आली. वॉर्डातल्या खाटेवर तशीच नळ्यांची गादी होती.

"कामून सोडवलंस?" सटवाजीनं विचारलं. चावलेल्या मनगटावर पट्टी होती. "त्याची दया आली?"

"त्याची? थुंकले असते त्याच्या मढ्यावर."

"मग?"

"मेला असता तर तुमाला जेलात नेलं असतं. तिथं कूस कोन बदलून देनार होतं तुमची?"

सटवाजीनं मान भिंतीकडं वळवली. त्याचे खांदे हलत होते. तिनं त्याला रडू दिलं आणि मग खांद्याखाली हात घालून उजव्या कुशीवर घेतलं.

साक्ष तीन आठवड्यांनी झाली. स्ट्रेचरवरून सटवाजीला कोर्टात नेलं. विनोद पोलिसांच्या बंदोबस्तात आला. गळ्याला पट्टा आणि आवाज कायमचा बसलेला. त्याच्या वकिलानं उलटतपासणी लांबवत नेली. ट्रॅक्टर कुठला, ऊन किती होतं, टॉमी कोणत्या हातात. सटवाजीनं प्रत्येकाला उत्तर दिलं. मधेच गुणाबाई मागच्या बाकावरून उठून पुढं आली.

"साहेब, थांबा. दोन तास झाले."

"बाई, कामकाज चालू आहे," वकील म्हणाला.

"तुमचं चालू राहू द्या. यांची पाठ सडंल."

न्यायाधीशांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा स्ट्रेचरकडं बघितलं आणि पेन खाली ठेवलं. गुणाबाईनं नवऱ्याला कुशीवर घेतलं, पाठीला उशी लावली, टाचांखालची घडी नीट केली. "हं, विचारा आता," ती वकिलाला म्हणाली.

विनोदवर दुसरा गुन्हा दाखल झाला आणि या वेळी जामीन मिळाला नाही. सटवाजीवरही विनोदच्या माणसांनी तक्रार केली होती. ती पोलिसांनी चौकशी करून बाजूला ठेवली. हरिओमनं शेवटी खरं ते लिहून दिलं, पण मनगट मोडल्यानंतर.

प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी हरिओम अंगणात येऊन उभा राहिला. हात वाकडा जुळला होता.

"काकू, काकाला बघू द्या एकदा."

गुणाबाई जात्यावरून उठली नाही. "कितीदा बघशील? हळदीत पडलेला बघितलास, खाटेवर बघितलास. जाय."

तो थोडा वेळ घुटमळला, मग गेला.

"कोन आलतं गं?" आतून सटवाजीनं विचारलं.

"कोनी न्हाई," ती म्हणाली आणि जात्यात मूठ टाकली.