शेजारीण शिडी परत करते

कथानक

परीक्षणात आधी कथानक सांगायची पद्धत आहे, तर सांगते. नवरा बायकोला सोडून जाणार आहे. बॅग भरून झाली आहे, फक्त तिला सांगायचं राहिलं आहे. पहिला अंक संपत आला की तो खुर्चीतून उठतो, तोंड उघडतो, आणि तेवढ्यात शेजारीण शिडी परत करायला येते. छत अजून गळतंय म्हणते, शिडीची एक पायरी हलते म्हणते, निघून जाते. नवऱ्याला पुन्हा पहिल्यापासून धीर गोळा करावा लागतो. प्रेक्षकांनाही.

ती शेजारीण म्हणजे माझी वहिनी.

हे शेवटचं वाक्य माझ्या ब्लॉगवर नव्हतं. बाकीचं होतं, आणि पुढे असंही होतं: ‘शेजारणीचा प्रवेश काढला तर नाटकाचं काही बिघडणार नाही. झालाच तर फायदा.’ खाली माझं नाव नाही. मी ‘तिसरी रांग’ या नावाने लिहिते. लिहिते म्हणजे काय, हा पहिलाच लेख. आमच्याकडे नाटकं होतात, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणी चकार शब्द काढत नाही. कुणीतरी लिहायला हवं असं वाटायचं. आणि कोण वाचणार आहे, असंही वाटायचं.

त्याच प्रयोगानंतर मी रंगमंचामागे जाऊन वहिनीला मिठी मारली होती. “काय गं, नुसती आलीस आणि स्टेज भरून गेलं!”

नेपथ्य

चष्म्याचं दुकान. मागची अंधारी खोली, भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं. मी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलते आणि विचारते, “आता नीट दिसतंय, की आधी बरं होतं?” लोक उगाच घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचा चष्मा लावावा लागेल, असं वाटतं त्यांना. या नोकरीमुळे घरात माझं नाव भिंगू पडलं.

गिऱ्हाईक नसलं की मी फोन काढून बघायचे. वाचक: एक. तो एक मीच असणार. मग दोन झाले, आणि मी दर मिनिटाला फोन बघायला लागले.

मालक म्हणाले, “बाई, त्या फोनमध्ये डोकं खुपसून बसाल तर उद्या तुम्हालाच नंबर लागेल. आणि चष्मा मी सवलतीत देणार नाही.”

पुढच्या प्रयोगाला मी घरी न सांगता गेले. मागे कोपऱ्यात बसले. नवरा उठला. तोंड उघडलं. मी दाराकडे बघत होते.

दार उघडलंच नाही.

तो तसाच उभा, मध्येच दाराकडे बघतोय, बायको त्याच्याकडे बघतेय, आणि अख्ख्या सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग त्याने सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला. नाटक आता नाटक झालं होतं. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की वहिनी त्या संध्याकाळी नेहमीसारखीच मेकअपची पेटी घेऊन घरातून निघाली होती.

ती परत आली तेव्हा दादाने विचारलं, “कसं झालं?”

“झालं,” म्हणाली, आणि आरशासमोर बसून क्रीम लावून चेहरा पुसायला लागली. कापसावर रंग येत होता. म्हणजे तिने तिथे जाऊन मेकअप केला होता. फक्त घरी येऊन पुसता यावा म्हणून.

“रविवारची तिकिटं काढलीत,” दादा म्हणाला. “आई पण येतेय.”

वहिनी आरशातच म्हणाली, “या ना.”

(इथे लेखनाबद्दल लिहायचं असतं)

माझं लेखन: लेख काढून टाकावा का? काढला तर उलट संशय येईल. ठेवला तर दादा कधीतरी बघेल. वहिनीला सांगावं का? काय सांगायचं, की तुझी भूमिका मी खाल्ली? जेवताना ती भाजी वाढायला वाकली की मी ताटाकडेच बघत राहायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, लेख पुन्हा पुन्हा वाचूनही मला तो चांगलाच वाटत होता. एक शब्द बदलावासा वाटला नाही.

प्रकाशयोजना

अंधार. आईच्या मांडीवर पर्स, पर्सवर चष्म्याचं घर.

“ही कधी येते?”

“आई, हळू.”

“हळूच विचारतेय. कधी?”

“पहिल्या अंकाच्या शेवटी,” दादा म्हणाला. “शिडी घेऊन येते. ओळखू येईल.”

“शिडी? घरी खुर्ची सरकव म्हटलं तर पाठ धरते हिची.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी मागे वळून बघितलं. नवरा उठला. आईने माझं मनगट धरलं. “आता ना? आता?”

तो उभा राहिला. उभाच राहिला. त्याने सांगितलं. पडदा पडला.

“मग ही कुठाय?” आई म्हणाली. या वेळी अजिबात हळू नाही.

मध्यंतर

बाजूच्या दारातून वहिनी बाहेर आली. घरचेच कपडे, हातावर नायिकेचा कोट, कोटाच्या बाहीला टाचण्या.

“काय गं, बरं नाही का?” आईने तिच्या कपाळाला हात लावला.

“बरी आहे, आई. माझा प्रवेश काढला.”

“कुणी?”

“मीच. दिग्दर्शक ऐकतच नव्हते. मग एका ब्लॉगवर आलं होतं ते त्यांना वाचून दाखवलं.”

“कोण लिहितो असलं?” दादाचा आवाज चढला. “नाव सांग. बघतो मी.”

“तू काय बघणार? पहिल्या प्रयोगाला घोरत होतास.”

“मेल्याला दुसरं काही दिसलं नाही का?” आई म्हणाली.

“मेला की मेली, ते हिला विचारा.” वहिनीने माझ्याकडे बघितलं. “‘झालाच तर फायदा’ असं आपल्या घरात एकच माणूस म्हणतं.”

दादा माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघायला लागला.

“वहिनी, मी सांगणारच होते...”

“थांब. त्या लेखाचा मला राग नाही आला. तालमीपासून मला वाटत होतं, मी आत आले की सगळं विझतं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, छान. तूही म्हणालीस. मिठी मारून. मला त्या मिठीचा राग आला, भिंगू.”

“मग घरी का नाही सांगितलंस? मेकअप पुसत बसायचीस ते...”

“काढायला लावणं सोपं होतं. घरी सांगायला धीर नव्हता.” तिने एक टाचणी काढली, पुन्हा तिथेच खुपसली. “आता बोल. आजचा अंक कसा झाला? इथे सांग. नाव न लपवता.”

दुसऱ्या अंकाची पहिली घंटा झाली. लोक आत जायला लागले.

“म्हण गं, छान झाला,” आई म्हणाली, “आणि चल आत.”

ब्लॉगवर खोडता येतं. इथे तिचा चेहरा हातभर अंतरावर होता.

“तू नाहीस ते बरं आहे,” मी म्हणाले. “आता नाटक चालतं.”

“अगं!” आई म्हणाली.

“आणि?” वहिनी.

“आणि तो नवरा जरा जास्तच वेळ उभा राहतो. आता कुणी येणार नाही, हे माहीत असल्यासारखा. परवा मी गुपचूप मागे बसून बघितलं, तेव्हा त्याला माहीत नव्हतं. परवा तो मध्येच दाराकडे बघत होता.”

वहिनीचे डोळे भरले होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, कुठेतरी माझ्या खांद्याच्या मागे बघत होती. तो तिथे कसा उभा राहतो, ते डोळ्यांसमोर आणत असावी.

“सवय झालीय त्याला मी नसण्याची,” ती म्हणाली. “सांगते त्याला.”

कोट सावरून ती वळली. दादा म्हणाला, “ऐक ना,” पण ती आत गेली होती. दार तिने हळू लावलं की आपटलं, ते दुसऱ्या घंटेच्या आवाजात मला कळलं नाही.