ब्लॅक लॅम्बचं बंद दार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, डॉन नदीकडे उतार सुरू होतो तिथे, ब्लॅक लॅम्ब हा पब होता. आता तिथे फ्लॅट आहेत. दारावरच्या दगडी कोकराला बिल्डरने काळा तेलरंग दिलाय, म्हणून लांबून ते डांबरात पडल्यासारखं दिसतं.

पबच्या मालकाचं नाव दारावरच्या पट्टीवर रंगवायचा कायदा होता. मालक बदलला की रंगारी यायचा, जुनं नाव खरवडायचा आणि नवं लिहायचा. पण तो कधी पुरतं खरवडत नसे. हवा ओली असली की खालची नावं वर यायची. जोनास नावाच्या पाती घासणाऱ्या कारागिराने हा पब काढला. सहाणेची धूळ फुफ्फुसांत बसली, काम झेपेना, म्हणून बिअर विकायला लागला. खोकत खोकत ग्लास भरायचा म्हणतात. त्याच्यानंतर त्याचा जावई आला. जावयाने जुगारात घालवला तो हेग घराण्याने घेतला. थोरल्या हेगने पुढच्या भिंतीला हिरव्या फरशा बसवल्या आणि त्या फरशांच्या जोरावर अख्ख्या शेफील्डमध्ये मिरवला. त्याचा मुलगा एमॉस. माझी गोष्ट एमॉसपासून सुरू होते.

माझे वडील विल्फ स्टॅनिफर्थ जेवणाच्या सुऱ्या घासायचे. दिवसभर सहाणेवर ओणवं बसायचं, पातं घासायचं आणि खिडकीकडे धरून डोळा बारीक करून बघायचं. ही सवय हातातच बसते. घरी आई ताट पुढे ठेवायची तर बाबा आधी काटा उजेडात धरून बघायचे. त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. शेजाऱ्याच्या पात्यात खोट दिसली तर सगळ्यांसमोर, मोठ्याने, तोंडावर सांगायची. न सांगणं हा अपमान. म्हणजे तू त्याला कारागीरच मानत नाहीस. सांगितलं की तो शिवी हासडायचा, पातं पुन्हा घासायचा आणि दुपारी दोघं एकाच किटलीतला चहा प्यायचे.

पबमध्ये ही रीत चालत नाही हे बाबांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा सतरा वर्षांची, चमचे चकाकवायच्या कामाला होते. शुक्रवारी आई आणि मी लॅम्बच्या लहान खोलीत बसायचो. बायकांची खोली ती. काउंटरला तिथून एक झडप होती, तिच्यातून ग्लास मिळायचे आणि पलीकडची पुरुषांची खोली दिसायची. त्या शुक्रवारी बाबांनी माइल्ड मागितली. माइल्ड म्हणजे काळपट, हलकी बिअर, दिवसभर घाम गाळलेल्याची. ग्लास हातात आला आणि बाबांनी तो दिव्याकडे धरला. डोळा बारीक केला.

"एमॉस," ते म्हणाले, अगदी सहज, "नळाखालच्या तबकातलं सांडलेलं, ग्लासांतलं उरलेलं, परत पिंपात ओततोस का रे?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळे वळून बघायला लागले.

"काय म्हणालास?"

"उष्टं आहे हे. ये, उजेडात बघ. गढूळ आहे."

बाबांनी ग्लास पुढे केला, कारखान्यात पातं पुढे करतात तसा. एमॉसने तो घेतला, बघितलासुद्धा नाही, खालच्या लाकडाच्या भुशात रिकामा केला.

"नीघ. तुला दार बंद, विल्फ."

"अरे पण बघ तर खरं..."

"मी आहे तोवर बंद. आणि माझ्यानंतरही बंद."

बाबांनी सगळीकडे पाहिलं. डॉमिनोच्या टेबलावर सिरिल बॅगशॉ बसला होता, त्यांचा जोडीदार, लग्नात त्यांच्या शेजारी उभा राहिलेला. "सिरिल, चाखून बघ आणि सांग याला," बाबा म्हणाले. सिरिलच्या हातात तीच बिअर होती. त्याने तिचा एक घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाला, "मला तर बरी लागते बुवा."

बाबा टोपी घालून निघाले. आई आणि मी मागोमाग.

त्यानंतर बाबा तीन गल्ल्या पलीकडच्या वेलिंग्टनमध्ये जायला लागले. तिथे मरेपर्यंत त्यांना 'लॅम्बवाला' म्हणायचे, कितीही वर्षं झाली तरी. दर शुक्रवारी टाय बांधून ते घरातून निघत, लॅम्बच्या पायरीपाशी पोचले की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने पुढे जात. आई म्हणायची, "अरे, मागच्या गल्लीने जा की. कशाला त्यांच्या डोळ्यांत खुपतोस?" बाबा म्हणायचे, "मी काही चोरी केली नाही."

त्यांना बिअर नको होती. चारचौघांत कोणीतरी एवढंच म्हणावं की विल्फ, तू खरं बोललास, आत ये. बस. पण लॅम्बमध्ये दार बंद करण्याचा हुकूम इमारतीबरोबर जायचा. पंप, टेबलं, आरसे आणि विल्फ स्टॅनिफर्थ बाहेर.

एमॉस वारला तेव्हा दारावर त्याच्या बायकोचं, एडाचं नाव आलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. माझ्या सासूने लॅम्बची माडीवरची खोली धरली होती, कारण तिथे सगळ्यांचीच लग्नं होत. मी एका सकाळी एडाकडे गेले. काळा स्वेटर घालून ती ग्लास पुसत होती.

"मिसेस हेग, माझ्या लग्नापुरतं तरी बाबांना आत येऊ द्या."

"बस, मेव्हिस. चहा टाकते."

"चहा नको."

तिने फडकं खाली ठेवलं. "तुझा बाप खरं बोलला होता, पोरी. तबकं मीच ओतायचे, रोज पब बंद झाला की. एमॉस नरसाळं धरायचा."

मला वाटलं, झालं. सुटलं. "मग?"

"मग काय? विल्फ आत आला तर एमॉस कोण ठरतो? मला या दारावर त्याच्या नावाखाली राहायचंय अजून." तिचे डोळे भरले होते, पण आवाज दगडासारखा. "तू तुझ्या बापाची लेक आहेस, मी माझ्या नवऱ्याची विधवा आहे. तुला चहा नको असेल तर माझी कामं पडलीत."

मी माडी रद्द केली. लग्नाचं जेवण प्रार्थनामंदिराच्या शाळेत दिलं. हॅमची सँडविच, केक आणि चहा. दारूचा थेंब नाही, कारण तिथे चालतच नाही. माझा दीर हातात कप घेऊन फिरत होता. "वहिनी, हे लग्न आहे की रविवारची शाळा? आता पाढे म्हणायचे का?" सासूने ते पुढे आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं. बाबा मात्र त्या दिवशी सगळ्यांत उंच दिसत होते. एडा काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "हेच तिला शुक्रवारी, सगळे असताना म्हणायला सांग." एडा कधी म्हणाली नाही. ती गेली तेव्हा पुन्हा रंगारी आला.

नवा मालक रेज टिंडल रॉदरहॅमचा, एकेकाळचा फुटबॉलपटू, गुडघा मोडलेला. परका माणूस, त्याला कसला आलाय एमॉस आणि कसला विल्फ. मी गेले तेव्हा त्याने सगळं ऐकून हातच झटकला.

"एवढंच ना? येऊ दे की म्हाताऱ्याला. पहिला ग्लास माझ्याकडून."

"ए रेज," डॉमिनोच्या टेबलावरून आवाज आला. सिरिल. बाबांच्या खुर्चीत बसलेला. "तो आत आला तर आम्ही बाहेर. अख्खं टेबल."

"का रे बाबा?"

"एमॉसवर ग्लास फेकला होता त्याने. भरलेला. कपाळाला टाके पडले होते."

मी वळले. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून मी फुटबॉलची मॅच बघितली होती. "सिरिलकाका, तुम्ही तिथे होतात. मी झडपेतून बघत होते."

"होतो म्हणूनच सांगतोय."

"ग्लास एमॉसने ओतला. भुशात. बाबांनी बोटसुद्धा लावलं नाही त्याला."

"बाई, तू तेव्हा पोर होतीस." बाकीचे माना हलवत होते. त्यातल्या दोघांना मी ओळखत होते. ते त्या शुक्रवारी तिथे होते. तिसरा तर तेव्हा सैन्यात होता, मलायात, तरी तोही टाके दाखवायला कपाळावर बोट ठेवून बसला होता. खोटं बोलतायत असं त्यांच्या तोंडावरून वाटत नव्हतं. इतकी वर्षं एकमेकांना सांगून सांगून त्यांनी ते स्वतःला पटवलं होतं. नाहीतर काय उरलं असतं? की आपण दर शुक्रवारी दुसऱ्यांच्या तोंडचं प्यायलो, कळत असून प्यायलो, आणि जो बोलला त्याला एकट्याला जाऊ दिलं.

रेज काउंटरमागून लंगडत माझ्याजवळ आला. "बघ, बाई, तुझं खरं असेल. पण उद्यापासून या टेबलावर कोणाला बसवू? तुझ्या बापाला एकट्याला?"

पुढे सिरिल गेला. बाबा त्याच्या अंत्ययात्रेला गेले, शवपेटीमागे चालले, त्याच्या बायकोचा हात हातात घेतला. तिथून सगळे चहाला लॅम्बकडे वळले. बाबाही सगळ्यांबरोबर बोलत बोलत पायरीपर्यंत आले आणि तिथून गुपचूप रस्ता ओलांडून घरी. मी विचारलं, "त्याच्यासाठी कशाला गेलात?" म्हणाले, "तसा जोडीदार पुन्हा मिळाला नाही. डॉमिनोत तो कधीच खोटं खेळला नाही."

कारखाने बंद पडले. रेजने पब सोडला. लॅम्बला फळ्या लागल्या. मग कुठल्याशा कंपनीने तो घेतला, मधल्या भिंती पाडल्या, झडप काढली, बायकांची खोली आणि पुरुषांची खोली एक केली. दारावर नाव नाही. आत एक कीरन नावाचा मुलगा, कानात बाळी, छातीवर बिल्ला. बाबा तेव्हा सत्त्याऐंशीचे. मी शेवटची गेले.

"दार बंद? कोणाला?" कीरन म्हणाला. "आजी, आमच्याकडे अशी काही नोंदच नाही. घेऊन या की आजोबांना. बुधवारी म्हाताऱ्यांना मटार आणि फिशपाय निम्म्या भावात असतो."

बाबांनी एवढंच विचारलं, "त्याला कळलंय का, दार का बंद होतं ते?" मी म्हटलं, "सगळं सांगितलंय." सांगितलं होतं. त्याने ऐकलं असेल असं नाही.

ते शुक्रवारीच आले, बुधवारी नाही. टाय, घासलेले बूट. पायरीवर जरा थांबले, मग काठी आत टेकवली. आत संगीत वाजत होतं. एका भिंतीवर मोठ्या चौकटीत एमॉस हेगचा फोटो होता, बाह्या दुमडलेला. खाली छापलं होतं की एमॉसच्या काळ्या माइल्डला शहरभरातून लोक येत, आणि तिच्या चवीचं गुपित तो आपल्याबरोबर घेऊन गेला. पंपावर नवी पाटी होती, ओल्ड एमॉस.

बाबांनी चौकट वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाले, "ती दे. त्याच्या नावाची."

कीरनने भरून दिली. बाबांनी ग्लास उचलला आणि दिव्याकडे धरला. डोळा बारीक केला. मला माझं सतरावं वर्ष आठवलं.

"पोरा," बाबा मोठ्याने म्हणाले, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, "हे उष्टं आहे."

कोणी वळलंसुद्धा नाही. शेजारच्या टेबलावर दोघी मुली आपापल्या फोनशी बोलत होत्या.

"सॉरी हं, आजोबा," कीरन म्हणाला. "द्या इकडे. बदलून देतो. की दुसरं काही घेताय? सायडर?"

"मी म्हणालो, उष्टं आहे."

"हो हो, काही हरकत नाही." त्याने ग्लास घेतला, मोरीत ओतला आणि दुसरा भरून समोर ठेवला. हसून. "हा घ्या, याचे पैसे नाहीत."

बाबा त्या हसऱ्या तोंडाकडे बघत राहिले. एमॉसने हाकललं तेव्हाही त्यांचा चेहरा असा पडला नव्हता. दुसरा ग्लास त्यांनी उचलला नाही, उजेडात धरला नाही. काठी घेतली आणि दाराकडे वळले. मागून कीरन म्हणाला, "पुन्हा या हं, आजोबा!"

घराकडे चालताना मी त्यांचा हात धरला.

"चांगला मुलगा आहे," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"चांगला आहे," बाबा म्हणाले. "एमॉसने निदान ऐकलं तरी होतं."

त्यानंतर ते दोन हिवाळे जगले. शुक्रवारी टाय बांधला नाही. वेलिंग्टनवाले एकदा विचारत आले, लॅम्बवाला आजारी आहे का म्हणून. मी त्यांना चहा दिला, आणि सांगितलं, नाही, तो बराय, आता बाहेर पडत नाही एवढंच.