चामड्याला तेल

सीटा शिवणाऱ्या आसिफने सलीमच्या गाडीच्या मागच्या सीटवर अंगठा दाबून ओढला, तर रंगाचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटून बोटाला चिकटला. त्याने तो नाकाशी नेला.

"एरंडेल," तो म्हणाला. "ह्या सीटला कुणीतरी रोज तेल पाजतंय, सलीम."

"काय बी बोलू नकोस. गाडीला तेल कोण लावंल?"

"ते मला काय ठावं? पर रंग तेलानंच सुटलाय. न्हाईतर अजून धा वर्सं हलली नसती ही सीट."

भोरात भाड्याने मिळणारी लेदर सीटची गाडी एकच, आणि ती सलीमची. पुण्याच्या एका डॉक्टरची ही जुनी गाडी त्याने घेतली तीच मुळी सीटांवर भाळून. विंझरपर्यंतचे नवरदेव मिरवायला हीच गाडी मागत. आणि आता वर्षाच्या आत तिला खरूज झाल्यासारखी कळा आली होती. परवा आंबवड्याच्या नवरदेवाच्या पांढऱ्या सुरवारीला मागून तांबूस डाग पडला आणि भर मांडवात त्या बिचाऱ्याचं हसं झालं. त्यानंतर ठरलेली लग्नंही दुसरीकडे गेली. ऐन लग्नसराई हातची चालली होती आणि सलीमला काही सुचत नव्हतं.

दुपारी तो घरी आला. गाडी लावून जेवला आणि रोजच्यासारखा आडवा न होता परसात गेला. गाडीचं मागचं दार उघडं होतं. अब्बा आत बसले होते. मांडीवर वाटी, हातात फडकं. मोतीबिंदूने डोळे गेलेले, पण हात सीटवरून न चुकता फिरत होता.

"हां बेटा, हो, हो," ते सीटशी बोलत होते.

सहा आसनी रिक्षा येईपर्यंत अब्बांचा भोरात टांगा होता. घोडा विकला, टांगा विकला, पण घोड्याचा चामडी साज शेवटपर्यंत नव्यासारखा मऊ होता, रोज दुपारी एरंडेल दिलेला. अम्मी गेल्यापासून अब्बा कुणाशी धड बोललेच नव्हते.

सलीमची बायको बिलकीस मागे येऊन उभी राहिली.

"गुडघ्यास्नी लावतो म्हणून तेल मागून नेत्यात," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, गुण येतोय. आताशा पोटभर जेवत्यात बी."

सलीम तणतणत गाडीपाशी गेला. तेवढ्या चार पावलांत त्याने काय काय बोलायचं ठरवलं होतं.

"अब्बा!"

"आलास? बस."

अब्बांनी त्याचा हात चाचपून धरला आणि सीटच्या सोलवटलेल्या जागेवर ठेवला.

"हितं बघ. चामडं फुटाया लागलंय. माजीच चूक हाय. दुपारी एकडावच देतो, कमी पडतंय. उद्यापास्नं सकाळचं बी देत जाईन." ते हसले. किती दिवसांनी हसले. "तू नगं काळजी करू. तुज्या गाडीचं चामडं म्या मरू द्यायचो न्हाई."

सलीमचा हात तिथेच चिकटून राहिला. अब्बांनी फडकं वाटीत फिरवलं. वाटी कोरडी लागली.

"सूनबाईला हाक मार जरा."

सलीमने घराच्या दाराकडे पाहिलं. बिलकीस समोरच उभी होती.

"बिलकीस," तो म्हणाला, "तेल आण."