तरसाची पाठ

ओतारशाळेच्या दारातूनच तिला आपल्या तरसाच्या मूर्तीची पाठ दिसली आणि तिचं डोकं सणकलं. पाठ सरळ होती. खांद्यापासून शेपटीपर्यंत टेबलासारखी सपाट.

"हे काय करून ठेवलंत?"

"काही नाही हो बाई," ओतारी शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाला. "तुमची मेणाची मूर्ती उन्हात मागून पार खचली होती. मी मागच्या पायांत चार बोटं मेण भरलं, पाठ उचलून घेतली, आणि मगच धातू ओतला. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास!"

आता या माणसाला काय म्हणावं? तरसाची पाठ उतरतीच असते. माळरानावर, खडकांच्या आडोशाला डास मारत बसून तिने ती उतरण वर्षानुवर्षं पाहिली होती. लाकडी ठोकळ्यांवर कोरून तिचे शेकडो छाप काढले होते. प्रत्येक प्रदर्शनात लोक ते बघून एकच विचारायचे, "वाघ नाही का एखादा?" सख्खी आईसुद्धा मरेपर्यंत वाघाचाच धोशा लावून बसली होती. चाळीस वर्षांनी एका प्राणिसंग्रहालयाला दारात उभं करायला तरस हवं झालं, आणि या शहाण्याने त्याचं कुत्रं केलं! अनावरण परवावर आलेलं. मेण वितळून गेलेलं. पुन्हा घडवायचं म्हटलं, तर बोटांत आता तेवढा जोर नव्हता.

तिने नवऱ्याला फोन लावून झालेला घोळ सांगितला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"हेच ऐकत म्हातारी झाले मी!" तिने फोन बंद केला आणि ओताऱ्याकडे वळली. "मागचे दोन्ही पाय कापा. चार बोटं."

"चांगलं जनावर लंगडं करायचं?"

"तुम्ही कापता, का मी कापू?"

पुटपुटत त्याने कटर चालवला. कापणं, जोडणं, घासणं, दिवसभर चाललं. ती तिथून हलली नाही. मग दोघांनी मिळून मूर्ती उभी केली. मागची बाजू खाली बसली आणि पाठ उचलल्यामुळे जमिनीकडे झुकलेलं डोकं वर आलं. तरस समोर बघायला लागलं.

ओतारी दोन पावलं मागे सरला.

"कुत्रं नाहीच हे," तो म्हणाला. "बाई, हे राहतं कुठे? खातं काय?"

चाळीस वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"बसा," स्टूल ओढत ती म्हणाली. "सांगते."